स्क्रीनवरचा तोतया पोलीस

रात्रीची वेळ. घरातले सगळे झोपलेले. कुणी क्रिकेटचा सामना फुकटात दाखवणारी साइट शोधत असतो, कुणी नवा सिनेमा, तर कुणी चारचौघांत पाहता येणार नाही असे काहीतरी. कुठल्याशा बटणावर बोट पडते आणि एकदम पूर्ण स्क्रीन व्यापणारे पान उघडते. वर अशोकस्तंभाचे चिन्ह, एखाद्या सरकारी खात्याचे नाव आणि खाली लाल अक्षरांत मजकूर : ‘तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे. तुम्ही बेकायदा अश्लील साइट पाहिली आहे. सहा तासांत दंड भरा, अन्यथा पोलीस तुमच्या घरी येतील.’ बाजूला उलटे चालणारे घड्याळ असते. कधी सायरनही वाजतो. पान बंद करायला जावे, तर बंद करण्याची फुलीच सापडत नाही.

अशा वेळी भल्याभल्यांचे हातपाय गळतात. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे ऐकतच आपण मोठे झालेलो असतो. पोलीस दारात आले तर शेजारी काय म्हणतील, हा विचार आधी येतो. समोरचे पान खरे की खोटे, हा विचार फार उशिरा येतो.

हे पान खोटे असते. पोलिसांचा, सीबीआयचा किंवा कुठल्याही मंत्रालयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. तरीही त्याचा परिणाम किती खरा असू शकतो, हे सप्टेंबर २०२३ मध्ये केरळमधील एका घटनेने दाखवून दिले. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाच्या लॅपटॉपवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या नावाने असाच संदेश झळकला. ३३ हजार ९०० रुपये भरा, नाहीतर मोठा दंड आणि तुरुंगवास होईल, अशी धमकी त्यात होती. मुलाने घरात कुणालाच काही सांगितले नाही आणि स्वतःचे आयुष्य संपवले. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते, हे खरे. पण त्या क्षणी ‘हे खोटे आहे, बंद कर’ असे सांगणारे कुणी जवळ असते तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा असाच आहे. म्हणून हा विषय केवळ संगणकाचा राहत नाही, तो आरोग्याचाही होतो.

जुनाच रोग, नवा वेश

संगणक अडवून पैसे उकळण्याचा पहिला मोठा प्रकार घडला तो वैद्यकीय क्षेत्राच्या आडूनच. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २० हजार फ्लॉपी डिस्क टपालाने निरनिराळ्या देशांत पाठवण्यात आल्या. त्यावर ‘एड्सविषयी माहिती’ असे लिहिलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्या लोकांच्या यादीतले अनेक पत्ते त्यासाठी वापरले गेले. डिस्क घातल्यावर संगणक साधारण ९० वेळा सुरू होईपर्यंत सगळे ठीक चालायचे. मग फायलींची नावे बदलून जायची आणि पनामा देशातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी स्क्रीनवर यायची. या प्रकरणात जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला अटक झाली. मानसिक अवस्थेच्या कारणावरून त्याच्यावर खटला मात्र चालू शकला नाही.

पुढे या खंडणीखोरांनी पोलिसांचा गणवेश चढवला. २०११-१२ च्या सुमारास ‘रेव्हेटॉन’ नावाच्या विषाणूने युरोप आणि अमेरिकेत धुमाकूळ घातला. संगणक कुठल्या देशात आहे हे ओळखून तो त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह दाखवायचा. स्पेनमध्ये स्पॅनिश पोलीस, जर्मनीत जर्मन पोलीस, अमेरिकेत एफबीआय. युरोपात साधारण १०० युरोंचा ‘दंड’ मागितला जाई. अमेरिकेच्या एफबीआयला २०१२ मध्ये ‘हा संदेश आमचा नाही’ असा खुलासा करावा लागला. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी युरोपोलच्या मदतीने या टोळीतील अटकसत्र जाहीर केले. टोळीचा म्होरक्या मानला गेलेला रशियन तरुण त्याआधीच दुबईत पकडला गेला होता.

भारतातही हे लोण आले. २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर पथकाने तमिळनाडूतून तिघांना अटक केली. ‘तुम्ही अश्लील चित्रफिती पाहिल्या, ३ हजार रुपये दंड भरा’ अशी खोटी पोलीस नोटीस ही टोळी लोकांच्या स्क्रीनवर झळकवत होती. ३ हजार ही रक्कम विचारपूर्वक ठरवलेली असावी. इतके पैसे बरेच लोक गुपचूप भरून टाकतात आणि तक्रार करायला सहसा कुणी जात नाही.

हे पान येते कुठून?

आज दिसणाऱ्या बहुतेक पानांमागे विषाणूही नसतो. ते एक साधे वेब पेज असते. एखादा व्हिडिओ पाहताना आपण तो पूर्ण स्क्रीनवर मोठा करतो, नेमकी तीच सोय हे पान वापरते. आपण एकदा कुठेही क्लिक केले की पान संपूर्ण स्क्रीन व्यापते. त्यामुळे वरची पत्त्याची पट्टी दिसेनाशी होते. तिच्या जागी सरकारी वाटणाऱ्या पत्त्याचे नुसते चित्र लावलेले असते. माउसचा बाण लपवलेला असतो. त्यामुळे संगणक अडकला आहे असे वाटते. प्रत्यक्षात फक्त ब्राउझरची एक खिडकी मोठी झालेली असते. मागे आपल्या फायली, फोटो, सगळे सुरक्षित असते.

‘आम्हाला तुमचे शहर माहीत आहे, तुमचा आयपी क्रमांक माहीत आहे’ असेही त्यावर लिहिलेले असते आणि लोक सर्वाधिक घाबरतात ते याला. पण आयपी क्रमांक, साधारण शहर आणि ब्राउझरचे नाव ही माहिती आपण उघडतो त्या प्रत्येक साइटला आपोआप मिळते. रेल्वेचे तिकीट काढताना मिळते, वर्तमानपत्र वाचतानाही मिळते. त्यावरून आपले नाव, घराचा पत्ता किंवा आपण काय पाहिले याचा इतिहास त्या पानाला कळत नाही.

अशी पाने बहुधा चोरीचे सिनेमे किंवा फुकट सामने दाखवणाऱ्या साइट, अश्लील साइट आणि तिथल्या जाहिरातींतून उघडतात. मात्र पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले, तरीही माणूस तिथे पोहोचू शकतो. भजनांचे व्हिडिओ शोधणाऱ्या आजोबांच्या फोनवर ते येऊ शकते आणि शाळेचा प्रकल्प करणाऱ्या मुलीच्या संगणकावरही. म्हणून कुणाच्या स्क्रीनवर हे पान दिसले, तर त्याने काही वाईट पाहिलेच असेल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

शरीर का घाबरते?

अंधारात पायाशी दोरी दिसली तरी माणूस साप समजून मागे उडी मारतो. ती दोरी होती हे नंतर कळते. मेंदूची रचनाच तशी आहे. मेंदूच्या आतल्या भागात अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे केंद्र असते. धोक्याची चाहूल लागताच ते शरीराला सावध करते. अॅड्रेनालिन रक्तात मिसळते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, श्वास जलद होतो, स्नायू ताणले जातात. पळायचे किंवा लढायचे असेल तर हे फार उपयोगी असते. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो शांतपणे तोलूनमापून विचार करतो, त्याचे मात्र त्या वेळी फारसे चालत नाही. नजर एकाच गोष्टीवर खिळते.

भामट्यांना हे पुरते ठाऊक असते. लाल रंग, सायरन आणि उलटे घड्याळ यांचे काम एकच : शांत डोक्याने विचार करायला वेळ मिळू न देणे. त्यामुळे शिकलेली माणसे, निवृत्त अधिकारी, संगणकावरच काम करणारे तरुणही फसतात. फसलेल्या माणसाला ‘एवढे कसे कळले नाही’ असे विचारण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

यावरचा उपाय सोपा आहे. खुर्चीतून उठा. पाणी प्या. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. असे आठ-दहा वेळा केले की नाडी हळूहळू खाली येऊ लागते आणि डोके पुन्हा चालू लागते. घड्याळातले सहा तास संपले तरी काहीही होत नाही, हे ध्यानात ठेवा. ते घड्याळ म्हणजे नुसते चित्र असते.

हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भीतीने होणारी धडधड साधारणपणे काही वेळात ओसरते. पण छातीत दाब किंवा कळ येत असेल, ती हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, दरदरून घाम फुटून श्वास लागत असेल, तर ‘घाबरल्यामुळे झाले असेल’ म्हणून वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पानाचे काय ते नंतर पाहता येईल.

लाज हेच भांडवल

भीती थोड्या वेळाने उतरते, पण लाज उतरत नाही. या फसवणुकीचा खरा धंदा चालतो तो लाजेवर.

सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज दिसते. मूळव्याध, अंगावरून जाणे, लैंगिक तक्रारी, क्षय, दारूचे व्यसन असे आजार घेऊन लोक फार उशिरा येतात. सांगायची लाज वाटते म्हणून महिनोन् महिने दुखणे अंगावर काढलेले असते. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशा जाहिराती रंगवणारे भोंदू वैद्य याच लाजेवर पोसले गेले. हा रुग्ण दुसऱ्या कुणाला विचारणार नाही, फसला तरी बोंब मारणार नाही, याची त्यांना खात्री असते. स्क्रीनवरचा तोतया पोलीस त्याच भोंदू वैद्याचा भाऊबंद म्हणायचा. आरोप मुद्दाम अश्लीलतेचाच असतो. कारण चोरीचा खोटा आरोप झाला तर माणूस ओरडतो आणि असल्या आरोपाने गप्प बसतो.

म्हणून भामट्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती एका गोष्टीची : समोरच्याने शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारण्याची. दुसऱ्या माणसाने ते पान पाहिले की निम्मी भीती तिथेच संपते. त्याच्या मेंदूत तो सायरन वाजत नसतो, त्यामुळे त्याला मजकुरातल्या चुका पटकन दिसतात.

खोटे कसे ओळखावे?

रोगाचे निदान लक्षणांवरून होते, तसेच याचेही करता येते. पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी पान खोटे समजावे.

पहिले लक्षण, दंडाची मागणी. गुन्ह्यासाठी दंडाची शिक्षा न्यायालय सुनावते. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात आणि न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात. स्क्रीन अडवून, कार्डाचा क्रमांक विचारून दंड वसूल करणारे कुठलेही खाते भारतात नाही. एनसीआरबीचे काम तर गुन्ह्यांच्या नोंदी आणि आकडेवारी ठेवण्याचे आहे. ही संस्था नागरिकांकडून दंड घेत नाही.

दुसरे लक्षण, वेळेची घाई. खऱ्या कायदेशीर नोटिशीत तारीख, क्रमांक, पोलीस ठाण्याचे आणि अधिकाऱ्याचे नाव असते आणि हजर राहण्यासाठी मुदत असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये असेही स्पष्ट केले की, पोलिसांनी हजर राहण्यासाठी द्यायची नोटीस व्हॉट्सअॅपसारख्या माध्यमातून बजावली तर ती कायद्याने ठरवलेल्या पद्धतीला पर्याय ठरत नाही. मग भर सामन्यात उघडलेल्या पानाची काय कथा!

तिसरे लक्षण, आरोपीचे नावच नसते. ‘तुम्ही’ असे म्हटलेले असते, पण तुम्ही कोण हे त्या पानाला माहीत नसते.

चौथे लक्षण, पान बंद करू नका, संगणक बंद करू नका, कुणाला सांगू नका, अशी ताकीद. खऱ्या पोलिसांना तुम्ही वकिलाशी किंवा घरच्यांशी बोलण्याची भीती नसते.

वाहनाचे ई-चलान खरे असते, मग हे का नाही, असे कुणी विचारेल. फरक असा की चलानात गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ असते, ते सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊन तपासू शकतो आणि त्यासाठी कुणी फोन अडवून धरत नाही. मात्र ‘चलान’ म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल कधीही उघडू नये. ते फोनमध्ये शिरणारे अॅप असते आणि बँकेचे संदेश वाचून खाते रिकामे करू शकते.

व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे’ असे सांगणारेही याच जातकुळीतले. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये याविषयी लोकांना सावध केले होते.

प्रथमोपचार : संगणकावर

जमल्यास आधी दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा. तक्रारीसाठी पुरावा होतो. त्या पानावरच्या कुठल्याही बटणाला, अगदी ‘रद्द करा’ लिहिलेल्या बटणालाही हात लावू नका. तिथे दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका.

मग एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा किंवा एफ ११ दाबा. बहुतेक वेळा स्क्रीन लहान होते आणि खरी फुली दिसू लागते. नाही झाली, तर आल्ट आणि एफ ४ ही बटणे एकत्र दाबा. तरीही नाही, तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडा, यादीत आपला ब्राउझर निवडा आणि ‘एन्ड टास्क’ म्हणा. अॅपलच्या संगणकावर कमांड, ऑप्शन आणि एस्केप एकत्र दाबून ब्राउझर सक्तीने बंद करता येतो. यातले काहीच जमले नाही, तर संगणक बंद होईपर्यंत पॉवरचे बटण दाबून धरा.

ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो ‘आधीची पाने परत उघडू का?’ असे विचारेल. तिथे नकार द्या, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येईल. त्यानंतर ब्राउझरचा इतिहास आणि साठवलेला डेटा पुसून टाका. सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ची यादी पाहा. तिथे अनोळखी साइटला परवानगी दिलेली दिसली तर ती काढून टाका. बऱ्याचदा असे संदेश पुन्हा पुन्हा येण्याचे कारण तिथेच असते.

प्रथमोपचार : फोनवर

फोनवर होम बटणाने किंवा स्क्रीन खालून वर सरकवून आधी बाहेर पडा. अलीकडे वापरलेल्या अॅपच्या यादीतून ब्राउझर ढकलून बंद करा. पुन्हा उघडल्यावर तेच पान येत असेल, तर अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अॅपच्या यादीत ब्राउझर निवडून ‘फोर्स स्टॉप’ करा आणि ‘कॅशे’ पुसा. आयफोनवर सेटिंगमध्ये सफारीचा इतिहास आणि साइटचा डेटा पुसता येतो. इंटरनेट बंद करून ब्राउझर उघडल्यास ते पान पुन्हा लोड होऊ शकत नाही आणि शांतपणे बंद करता येते.

होम बटण दाबूनही संदेश हटत नसेल, दुसरे कुठलेच अॅप उघडता येत नसेल, तर मात्र एखादे घातक अॅप फोनमध्ये शिरलेले असू शकते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ मोड’ असतो. पॉवर बंद करण्याचा पर्याय बराच वेळ दाबून धरला की तो विचारला जातो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असते. सेफ मोडमध्ये बाहेरून घेतलेली अॅप चालत नाहीत. मग अलीकडे आलेले अनोळखी अॅप शोधून, त्याला दिलेला ‘डिव्हाइस अॅडमिन’चा अधिकार काढून, ते काढून टाकता येते. हे जमण्यासारखे नसेल तर फोन बंद करून जाणकाराकडे न्या. पैसे भरून फोन सुटेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

संगणकावरच्या फायली उघडतच नसतील आणि त्यांच्या नावापुढे भलतीच अक्षरे आली असतील, तर तो वेगळा आणि गंभीर प्रकार असतो. अशा वेळी ताबडतोब इंटरनेट तोडा, पेन ड्राइव्ह जोडू नका आणि तज्ज्ञाची मदत घ्या. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारच्या विषाणूंसाठी फायली सोडवण्याची साधने मोफत मिळतात. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे आणि ती डिस्क एरवी संगणकाला न जोडणे, ही यावरची लस समजायला हरकत नाही.

पैसे भरले असतील तर

हृदयविकारात पहिला तास मोलाचा असतो, तसाच इथेही. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. ते खात्यात आहेत तोवर गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. म्हणून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव हाताशी ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर होणारे अनधिकृत व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यामुळे कळवण्यात एक रात्रही घालवू नये.

ओटीपी दिला नाही, फक्त कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन अंक भरले, म्हणून निर्धास्त राहू नका. परदेशातल्या अनेक साइटवर ओटीपीशिवाय व्यवहार होतात. तेव्हा ते कार्ड बंदच करायला हवे. कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दुरून चालवू देणारे अॅप घेतले असेल, तर इंटरनेट बंद करा, ते अॅप काढा आणि दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड बदला.

तक्रार करताना आपण कोणती साइट पाहत होतो याचीच लाज आडवी येते. पोलिसांना यात हवी असते ती खंडणीखोराची माहिती. तुम्ही घाबरून पैसे भरलेत म्हणजे गुन्हा कबूल केलात, असा त्याचा अर्थ होत नाही.

घरच्यांचे काम

मुलांच्या हाती फोन देताना आपण बरेच नियम सांगतो. त्यात एक वाक्य आवर्जून असावे : ‘फोनवर काहीही भलतेसलते आले, कुणी धमकावले, तर आधी मला सांग. तू काय बघत होतास हे मी आधी विचारणार नाही आणि फोन काढूनही घेणार नाही.’ हे वाक्य संकट येण्यापूर्वीच बोलून ठेवावे लागते. फोन हिसकावला जाईल, मार बसेल किंवा नातेवाइकांत चर्चा होईल, अशी भीती असलेले मूल शेवटपर्यंत सांगत नाही. वयात येणाऱ्या मुलांना शरीराविषयी आणि लैंगिकतेविषयी कुतूहल असते, ते स्वाभाविक आहे. त्याबद्दल घरात कधीच बोलले गेले नाही, तर भामट्याच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

हेच घरातल्या ज्येष्ठांनाही लागू आहे. ‘बाबा, तुम्हाला फोनमधले काही कळत नाही’ असे चारदा ऐकलेला माणूस पाचव्यांदा मदत मागत नाही. सुटीच्या दिवशी दहा मिनिटे बसून त्यांना असे पान कसे दिसते आणि कसे बंद करायचे, हे दाखवून ठेवावे. १९३० हा क्रमांक फोनवर साठवून द्यावा.

फसवणुकीनंतर पैशांपेक्षा जास्त दिवस टिकतो तो मनावरचा ओरखडा. काही दिवस झोप न लागणे, फोनची घंटा वाजली की दचकणे, भूक मंदावणे हे होऊ शकते. पण माणूस खोलीत कोंडून घेत असेल, शाळेत किंवा कामावर जायला टाळत असेल, ‘माझ्यामुळे घराची अब्रू गेली’, ‘आता जगून काय उपयोग’ असे बोलत असेल, तर ते मनावर घ्या. त्याला एकटे सोडू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट आणि प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट मनातले बोलायला वाट मिळते. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येते.

हा लेख वाचून झाल्यावर घरात एकदा मोठ्याने बोलून टाका : पोलीस असा दंड मागत नाहीत, असे पान आले तर बंद करायचे आणि लगेच एकमेकांना सांगायचे. जेवताना दोन मिनिटे पुरतील. ज्या घरात हे बोलणे आधीच झालेले असेल, तिथल्या कुणालाही त्या घड्याळासमोर एकट्याने बसून राहावे लागणार नाही.